तिसऱ्या मजल्यावरची सवलतीची खोली

कोल्हापूरहून आल्यापासून शाळेतल्या बायका मला एकच विचारतात, काय काय आणलं? चपला आणल्या, भडंग आणलं, कांदा-लसूण चटणी आणली. पण तुम्ही जाणार असाल तर माझा सल्ला खरेदीचा नाही, खोलीचा आहे. खोली ठरवताना फोनवर बोट फिरवू नका, फोन कानाला लावा आणि माणसाशी बोला. हे शहाणपण मला माझ्या धाकट्या बहिणीमुळे आलं, आणि तिच्यामुळे आलं म्हणूनच ते मला अजून पचलेलं नाही.

बहिणीचं नाव शुभा. ती पुण्यात असते. मी नाशकात एका शाळेच्या कचेरीत फीच्या खिडकीवर बसते. आम्हाला भाऊ नाही. बाबा गेल्यापासून, म्हणजे गेली पाच वर्षं, आई शुभाकडे राहते. माझ्याकडे ती दिवाळीत आठ दिवस येते. त्या आठ दिवसांत तिची पिशवी कोपऱ्यात भरलेलीच असते, साडी धुऊन वाळली की परत पिशवीत जाते. शुभाच्या घरी मात्र आईचं स्वतःचं कपाट आहे, भाजी निवडायला बसायची जागा ठरलेली आहे, सोसायटीच्या बाकावर चार मैत्रिणी आहेत. शुभा फोनवर सहज म्हणते, "अगं, आई परवा म्हणत होती," आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. मत्सर वगैरे जड शब्द कशाला वापरू? सरळ जळते मी.

आईला कोल्हापूर पुन्हा बघायचं होतं. लहानपणी दोन वर्षं ती तिथे मावशीकडे शाळेला होती. शुभा म्हणाली, मी ठरवते सगळं. मी म्हटलं, नाही, या वेळी मी. माझ्या मनात वेगळंच होतं. दोन रात्री आई माझ्या खोलीत राहील आणि मी तिला विचारीन, सहा महिने तरी माझ्याकडे राहायला ये. पाच वर्षं हा प्रश्न माझ्या तोंडात आहे. तो शुभासमोर विचारता येत नाही. त्याला दार लावता येईल अशी खोली हवी, आणि आत आम्ही दोघीच हव्या. म्हणून मी शुभाला सांगितलं, "आईची आणि माझी खोली मी घेते. तुझी तू बघ."

"बरं ताई," ती म्हणाली. "हॉटेलचं नाव तेवढं सांगून ठेव."

चार दिवस मधल्या सुट्टीत मी फोनवर खोल्या बघितल्या. पहिल्याच दिवशी एका ॲपवर एक नजरेत भरली. तीन हजार खोडलेले, शेजारी नऊशे नव्व्याण्णव, आणि खाली लाल अक्षरांत 'शेवटची एकच खोली'. ती चारही दिवस शेवटचीच होती, पण हे मला तेव्हा खटकलं नाही. ॲपने विचारलं, माणसं किती? मी 'एक' लिहिलं.

हसू नका. आई शहात्तर वर्षांची आहे. एसटीत तिला तिकीट नाही, आम्हा बायकांना अर्धं. गेलं वर्षभर आईबरोबर कुठेही जायचं म्हणजे अर्ध्या तिकिटात दोघी, हा हिशोब अंगवळणी पडलेला. म्हाताऱ्या माणसाचे कुठे पैसे पडतात हे डोक्यातच आलं नाही. आणि खरं सांगायचं तर 'दोन' लिहिलं की आकडा टुणकन वर जात होता, 'एक' लिहिलं की खाली बसत होता. मी त्याला खाली बसू दिलं.

शेवटच्या पानावर एका रात्रीच्या नऊशे नव्व्याण्णवचे बाराशे चाळीस झाले. कर, सेवा शुल्क, सुविधा शुल्क. सेवा आणि सुविधा यांत फरक काय, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. तसं आमच्या शाळेच्या पावतीवरही 'इतर शुल्क' असा रकाना आहे आणि त्यात काय काय येतं ते मी आजवर एकाही पालकाला धड सांगू शकलेले नाही. मी पैसे भरले.

पहिला दिवस: एक माणूस

मी आदल्या दिवशीच पुण्याला पोचले होते, तिघींनी स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. कंडक्टरने आईचं कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. आई ते तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते. "सरकार मला फुकट फिरवतंय," ती शेजारच्या बाईला सांगत होती, जणू सरकारने तिला एकटीलाच बोलावून घेतलं असावं. कराडच्या पुढे उसाच्या बैलगाड्या दिसायला लागल्या. खिडकीची जागा आईची, तिच्याशेजारी शुभा, आणि मी पलीकडच्या सीटवर. कसं कोण जाणे, बसताना असंच होतं.

हॉटेल स्टँडपासून जवळच होतं. काउंटरवर पन्नाशीचे गृहस्थ बसले होते, जाड भिंगांचा चष्मा आणि खणखणीत आवाज. त्यांना सगळे इकबालभाई म्हणत होते. कोल्हापुरात हळू बोलणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नसावं, कारण समोरासमोर उभं राहूनही सगळे रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तसे बोलतात.

"या, या. आज्जी, बसा की हिकडं पंख्याखाली. कुठनं आलासा?"

मी फोन त्यांच्यापुढे धरला. "नऊशे नव्व्याण्णववाली खोली. पैसे भरलेत."

त्यांनी फोन बघितला, मग त्यांचा संगणक बघितला. "ह्यात एकच माणूस हाय."

"हो. मी."

"आणि आज्जी?"

"आई माझ्याबरोबर आहे."

"मग दोन झाली की ओ! जादा व्यक्तीचं सहाशे पडतील. रोजचं."

"अहो, शहात्तर वर्षांची आहे ती. एसटीसुद्धा तिचं तिकीट घेत नाही."

"एष्टी सरकारची हाय ताई. हाटेल माझ्या मेव्हण्याचं हाय."

मागे कुणीतरी हसलं. मी घसा साफ केला. तेवढ्यात इकबालभाई म्हणाले, "आणि एसीचं तीनशे येगळं."

"फेब्रुवारी महिना आहे. मी एसी लावणारच नाही."

"लावा, न्हाय तर नका लावू. खोलीत बसीवलाय न्हवं त्यो."

त्यानंतर दीडशे रुपये 'मालमत्ता शुल्क' निघालं. हे कसलं, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते मलाबी म्हाईत न्हाय. वरनं येतंय. आमी घ्यायचं आन् पाठवायचं." अगदी हेच उत्तर मी खिडकीतून पालकांना देते. खोली रद्द केली तर पैसे परत मिळत नव्हते, कारण ती सवलतीची होती. ती तिसऱ्या मजल्यावर होती, कारण ती सवलतीची होती. लिफ्ट आहे का विचारलं तर म्हणाले, "हाय की. चालू न्हाय."

हे सगळं चालू असताना आई पंख्याखाली बसून ऐकत होती. तिने मला हाक मारली. "मंदा, जादा व्यक्ती म्हणजे मी का गं?"

मी काही बोलायच्या आत शुभा पुढे आली. "इकबालभाई, मी काल फोन केला होता. पुण्याहून."

त्यांचा चेहराच बदलला. "व्हय व्हय! एक नंबरची खोली, तळमजला. आज्जींच्या गुडघ्याचं बोल्ला हुतासा तुमी. आठराशे, सगळं धरून. सकाळची न्ह्यारी त्यातच. माणसं दोन."

"दोन?" मी शुभाकडे वळले. "तू तर एकटी आहेस."

"असावी म्हणून घेतली, ताई. तुझी खोली वरती निघाली तर आईला जिने नकोत."

असावी म्हणून! माझ्या पाच वर्षांच्या बेतावर तिने एका फोनवर पाणी ओतलं होतं, तेही भांडण न करता. भांडली असती तर मी तिला जिंकू दिलं नसतं. मी पर्स उघडली आणि मोठ्याने म्हटलं, "मी भरते सहाशे. आई माझ्याकडेच झोपेल."

"मी कुठे जादा होऊन झोपत नाही," आई म्हणाली. पिशवी उचलून ती एक नंबरच्या खोलीत गेली. शुभा तिच्यामागे गेली.

मी एसीचे आणि मालमत्तेचे पैसे भरले आणि चोपन्न पायऱ्या चढून वर गेले. खोली वाईट नव्हती, हेच तर दुःख. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या दिसत होत्या, एक बाई त्यात अनवाणी फिरून त्या उलटवत होती. पलंग डबल होता. उशा दोन होत्या. दुसऱ्या उशीचे पैसे कुणी मागितले नाहीत. मी त्या उशीवर पर्स ठेवली आणि थोडी रडले.

संध्याकाळी आईला गंगावेशीत दूध प्यायला जायचं होतं. हा प्रकार आमच्या नाशकात नाही. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि ग्लास फेसासकट हातात देतात. तापवणं नाही, साखर नाही. पैलवान मुलं येतात, नोकरीवरून परतणारी माणसं येतात, ग्लास रिकामा करून मिशा पुसत निघून जातात. आईने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "अजून तसंच आहे," ती म्हणाली. "मावशी मला रोज घेऊन यायची."

"आज्जी, आनी घ्या की!" दूधवाला ओरडला. "एकानं काय होतंय?"

आईच्या वरच्या ओठावर फेस लागला होता. मी पर्समधून रुमाल काढेपर्यंत शुभाने ओढणीने पुसूनही टाकला. पैसे द्यायला आईने बटवा उघडला तेव्हा मात्र मी चपळ निघाले. तिचा हात धरून बाजूला केला आणि तिन्ही ग्लासांचे पैसे मीच दिले. आईने बटवा बंद केला. शुभाने रिकामे ग्लास दूधवाल्याला परत दिले, आणि मला त्याचाही राग आला.

दुसरा दिवस: हुपरी

सकाळी मिसळ. आमच्या नाशकात मिसळीबरोबर पाव आणि पापड येतो, इथे ब्रेडच्या स्लाइस येतात. तिखटाबद्दल मी काही बोलणार नाही, नाशिककराने दुसऱ्या गावच्या मिसळीला चांगलं म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही. पण वाढणारा माणूस कटाची बादली घेऊन टेबलाटेबलाशी फिरतो आणि न विचारता वाटी भरतो. आईने विचारलं, "याचे किती?" तो म्हणाला, "कटाचं कुठं पैसं असत्यात व्हय आज्जी?" आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, इथे जादाला पैसे नाहीत." शुभा हसली. तिने हसायला नको होतं.

शुभाला तिच्या मुलीसाठी पैंजण घ्यायचे होते, म्हणून आम्ही बसने हुपरीला गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं डबे घेऊन चढतात आणि उतरतात. हुपरी हे चांदीचं गाव. दुकानं आहेतच, पण खरं काम घराघरांत चालतं. एका घराचं दार उघडं होतं, आतून बारीक ठोकण्याचा आवाज येत होता. आम्ही डोकावलो तर चाळिशीची एक बाई म्हणाली, "या की अक्का, आत या. बगायला काय पैसं पडत न्हाईत."

आत ती साखळ्या जोडत बसली होती. ओसरीवर उन्हात तिची सासू चिमट्याने पैंजणाला घुंगरू लावत होती. शुभाने एक जोडी पसंत केली. बाईने ती तराजूत टाकली आणि एका दमात सांगितलं, "आजचा चांदीचा भाव ह्यो, वजन ह्ये, मजुरी ह्यी. ह्याच्या उप्पर एक रुपाया न्हाय." शुभाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तरी मला ते लागलं.

आई ओसरीवर म्हातारीशेजारी जाऊन बसली होती. दोघींची वयं सारखीच असावीत. आईने विचारलं, "या वयात दिसतं का हो घुंगरू?"

"दिसत न्हाय, हाताला कळतंय," म्हातारी म्हणाली. "दिवसाला धा जोड्या करतो मी." इथल्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात, आणि ते त्यांच्या तोंडी फार ठसक्यात शोभतं.

आतून सून म्हणाली, "आत्तींची मजुरी येगळी असती बरं का. बाकीच्या बायकांना जी, तीच त्यास्नी."

"घरातल्या घरात?" आईने विचारलं.

"मग?" म्हातारीने चिमटा खाली ठेवला. "शनवारी मजुरी घेतो. त्यातनं महिन्याला माझ्या जेवणाचं हिच्या हातावर ठेवतो. कुणी कुणाला बोलायचं काम न्हाय."

"आणि त्या घेतात?"

"घेती की! न घेऊन सांगती कुणाला?"

सगळ्या हसल्या. मला राहवलं नाही. मी जरा मोठ्यानेच म्हटलं, "आम्ही नाही हं आईकडून असं काही घेत. मी तर एक पैसा घेत नाही."

याला कारण होतं. बाबांच्या पेन्शनमधून आई दर महिन्याला शुभाला पैसे देते आणि शुभा ते घेते, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. शुभाविरुद्ध माझ्याकडे एवढा एकच हुकमाचा पत्ता होता आणि तो मी नातेवाइकांत किती वेळा टाकला असेल, मोजता येणार नाही. शुभा लाल झाली. ती पैंजणांचे घुंगरू मोजल्यासारखं करत राहिली. हुपरीची बाई म्हणाली, "असं व्हय?" आणि पुन्हा कामाला लागली. आई माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, उन्हामुळे डोळे बारीक केलेत.

दुपारी हॉटेलवर परत आलो. मी माझ्या चोपन्न पायऱ्या चढून पलंगावर आडवी झाले. चारच्या सुमारास जिन्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. थांबला, पुन्हा आला. मग इकबालभाईंचा आवाज, "दमानं आज्जी, दमानं. बसा ह्यावर. घाई काय हाय?"

मी दार उघडून खाली वाकून बघितलं. इकबालभाई प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन एकेक वळण चढत होते. प्रत्येक वळणावर खुर्ची मांडायची, आईने बसायचं, श्वास घ्यायचा, की खुर्ची पुढच्या वळणावर. आईच्या हातात तिची पिशवी होती. ती त्यांना धरू देत नव्हती.

"अगं, तू कशाला आलीस? मी आले असते खाली!"

"ताई, ह्यांनी जादा व्यक्तीचं भरलंय बगा," इकबालभाई धापा टाकत म्हणाले. "मी म्हटलं ऱ्हाऊ दे, लेकीचीच खोली हाय, कोण बघायला येतंय? तर माझ्यावरच वराडल्या."

"का राहू दे?" आई म्हणाली. "मी माणूस आहे. माझे पैसे पडतात. पावती द्या म्हटलं, दिलीत. झालं."

इकबालभाई खुर्ची आमच्या दारात ठेवून गेले. आई पलंगावर टेकली आणि पावती तिने उशीवर ठेवली. सहाशे रुपये. मी लगेच पर्स उघडली आणि नोटा काढल्या. हात आपोआपच गेला, पाच वर्षांची सवय.

"ठेव ते," आई म्हणाली.

"आई, तू कशाला देतेस? मी आणलंय तुला."

"ठेव म्हणते ना!"

मी नोटा हातात धरून तशीच उभी राहिले. आईने गुडघे चोळले आणि म्हणाली, "मंदे, तुझ्याकडे दिवाळीत येते. रिक्षाचे द्यायला गेले की तू हात धरतेस. भाजी आणली की पैसे माझ्या बटव्यात परत येतात. गेल्या वर्षी उशीखाली ठेवून आले, तर तू शुभाच्या फोनवर पाठवून दिलेस. आठ दिवसांत दमते गं मी. किती पाहुणचार घ्यायचा माणसाने?"

"मी प्रेमाने करते ना!"

"माहीत आहे मला. माझी आई माझ्या सासरी पाणी पीत नव्हती, लेकीच्या घरचं म्हणून. मी तेवढी जुनी नाही. जेवीन, राहीन. पण फुकट नाही. शुभाला पहिल्या महिन्याला पैसे दिले, तर तिने घेतले आणि चार दिवसांनी म्हणाली, आई, या महिन्यात गॅस लवकर संपला, अजून पाचशे दे. इतकं बरं वाटलं मला! मग मी तिला सांगू शकले की तुझी आमटी पातळ होते."

मला वाटलं होतं, शुभा घेते म्हणजे शुभा खालची आणि मी घेत नाही म्हणजे मी वरची. पाच वर्षं मी आईला एक पैसा खर्चू न देता तिच्याकडून कपाटाची आणि बाकावरच्या मैत्रिणींची अपेक्षा करत होते. माझी आमटी कशी होते हे आई मला आजवर कधीच बोलली नव्हती.

मी नोटा पर्समध्ये ठेवल्या. हात शिवशिवत होता. मग पलंगाच्या कडेला बसून विचारलं, "माझ्याकडे राहायला येशील का? सहा महिने?"

"बघू," आई म्हणाली. "आधी तो एसी लाव. पैसे भरलेस ना त्याचे?"

फेब्रुवारीतल्या संध्याकाळी आम्ही दोघी चादरी पांघरून एसीत बसलो. आईने मला मावशीच्या घराच्या, शाळेतल्या मारकुट्या बाईंच्या गोष्टी सांगितल्या. मधेच म्हणाली, "हे शुभाला सांगितलेलं आहे मी." तेवढं ती बोलली नसती तरी चाललं असतं.

तिसरा दिवस: जेवणाचं ताट

सकाळी अंबाबाईचं दर्शन झालं. रांग मोठी होती आणि शुभा आईला खुर्ची मिळवायला पुढे गेली, तेव्हा आईचा हात पूर्णवेळ माझ्या हातात होता. मी मुद्दाम सावकाश चालले. दुपारी निघण्यापूर्वी एका खानावळीत जेवायला बसलो. आईसाठी अख्खा मसूर आणि भाकरी, आम्हा दोघींना मटणाचं ताट.

भाकरीचा तुकडा मोडता मोडता आई म्हणाली, "मंदा, पाडवा झाला की येते तुझ्याकडे. सहा महिने."

शुभाचा हात ताटावर थांबला. मला ओरडावंसं वाटलं, पण मी नुसती मान हलवली.

"किती घेशील?" आईने विचारलं.

"आई, इथे कशाला? घरी बोलू."

"इथेच सांग. सगळं धरून सांग. तिथे आल्यावर हे वेगळं, ते वेगळं निघालं तर मी दुसऱ्या दिवशी निघाले."

शेजारच्या टेबलावरचा माणूस जेवायचा थांबून ऐकत होता. मी शुभाकडे बघितलं. "तू किती घेतेस?"

"चार हजार," ती हळू आवाजात म्हणाली.

पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं ते तीन. तीन हजार म्हणावं आणि शुभाला इथे, भर खानावळीत, खाली पाडावं. शब्द ओठांवर आला होता. पण माझी आई मला चोपन्न वर्षं ओळखते.

"शुभापेक्षा कमी सांगितलंस तर मी येणार नाही," ती म्हणाली. "सवलत नको मला."

मी घोटभर पाणी प्यायले. स्वतःच्या आईला भाव सांगायला जीभ रेटत नव्हती. फीच्या खिडकीवर बसून हजारो लोकांना मी आकडे सांगितलेत, एवढा जड एकही नव्हता.

"साडेचार," मी म्हटलं.

आईने बोटांवर काहीतरी मोजलं. "जास्त आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा मात्र उजळला होता. "पण चालेल. आणि तुझ्याकडे भाजी मी आणणार."

"आण."

"साडेचार, आई?" शुभा एकदम म्हणाली. "माझ्याकडे चारमध्ये काय कमी पडतंय तुला?"

तिच्या आवाजातलं ते काहीतरी मी लगेच ओळखलं. पाच वर्षं मी फोनवर गिळत आले होते, तेच होतं. शुभा जळत होती. ती भाकरी नुसतीच कुस्करत बसली, आईकडे बघेना आणि माझ्याकडे तर नाहीच. मी बहीण आहे, मला तिचं वाईट वाटायला हवं होतं. मला फार बरं वाटलं.